उतारवयातला अशक्तपणा आणि उपचार: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि दवाखान्याच्या दारात पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक वेळा मुलगा, सून नाहीतर लेक असते. ज्यांच्याबद्दल प्रश्न असतो ते आबा किंवा आज्जी शेजारी गप्प बसलेले असतात, हे काही बरं नाही. शक्य असेल तर हे पान त्यांना वाचून दाखवा. उत्तरं सर्वसाधारण आहेत, तुमच्या माणसाची औषधं त्याच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

१. वय झालं की ताकद जाणारच. मग डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणून वेगळं काय सांगतात?

वयाबरोबर थोडी ताकद सगळ्यांचीच कमी होते. फ्रेल्टी ही त्यापुढची अवस्था आहे. तिथे शरीरातली शिल्लक इतकी कमी झालेली असते की लहानसा धक्काही पेलत नाही. पंचगंगेचं बघा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी २० फुटांवर असताना रात्रभर पाऊस पडला तरी कुणाची झोप मोडत नाही. पाणी ४२ फुटांवर असेल तर तेवढाच पाऊस ४३ फुटांची धोका पातळी ओलांडायला लावतो. पाऊस तोच, फरक आधीच्या पातळीचा. लघवीतली जंतुबाधा, दोन दिवसांचे जुलाब, झोपेची एखादी नवी गोळी यांतून एक माणूस चार दिवसांत उठून बसतो, तर त्याच वयाचा दुसरा अंथरुणाला खिळतो.

म्हणून नुसतं वय विचारून उपचार ठरवण्यात अर्थ नाही. रोज मळ्यापर्यंत चालत जाणारे ८४ वर्षांचे आबा मोठं ऑपरेशन झेपवू शकतात. खुर्चीतून उठायला दोन्ही हात लागणाऱ्या ६८ वर्षांच्या काकूंना तेच ऑपरेशन जड जाऊ शकतं.

२. घरच्या घरी हे ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा मांडल्या, त्या आजही वापरतात: प्रयत्न न करता वर्षात साधारण साडेचार किलो वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त खुणा असल्या तर फ्रेल्टी, एक-दोन असल्या तर तिच्या उंबरठ्यावर.

वजनकाटा नसेल तरी घर सांगतं. ब्लाउज खांद्यावरून ओघळतो, अंगठी दोरा गुंडाळून घालावी लागते, पिळलेल्या लुगड्यातून पाणी गळत राहतं, बाटलीचं झाकण नातवाकडे उघडायला जातं.

एक सोपी परीक्षा करा. हात छातीवर घडी घालून साध्या खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर झाल्याची शंका घ्यायची. परीक्षा घेताना शेजारी कुणीतरी उभं राहा आणि खुर्ची भिंतीला टेकवा.

३. वडिलांच्या केसपेपरवर 'सीएफएस ६' लिहिलंय. म्हणजे शेवटची पायरी का?

नाही. सीएफएस म्हणजे 'क्लिनिकल फ्रेल्टी स्केल', अशक्तपणा मोजायची पट्टी. ती कॅनडातल्या केनेथ रॉकवूड यांच्या गटाने तयार केली, आता तिच्यात १ ते ९ पायऱ्या असतात. १ म्हणजे खणखणीत. ५ म्हणजे बँकेचे व्यवहार, प्रवास, औषधं सांभाळणं यांत मदत लागते. ६ म्हणजे बाहेरच्या सगळ्या कामांबरोबर अंघोळीलाही मदत लागते. ७ म्हणजे स्वतःचं सगळं दुसऱ्यावर. ९ म्हणजे आयुष्य थोडंच उरलेला रुग्ण.

यात दोन गफलती नेहमी होतात. आकडा आजारी पडण्याच्या साधारण दोन आठवडे आधीच्या स्थितीवरून द्यायचा असतो, कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाकडे बघून नव्हे. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की स्पष्ट सांगा: "गेल्या महिन्यापर्यंत एकटे देवळात जाऊन येत होते." दुसरं, ६५ च्या आतल्या माणसांना किंवा लहानपणापासून पोलिओसारखं स्थिर अपंगत्व असलेल्यांना ही पट्टी लावत नाहीत.

४. आज्जी ८६ ची आहे, न्हाणीत पडून खुबा मोडलाय. पाहुणे म्हणतात, या वयात ऑपरेशन नको. काय करावं?

सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला याच बाबतीत दिला जातो. खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन धावायला लावण्यासाठी करत नाहीत. दुखणं थांबावं, कूस बदलता यावी, उठून बसता यावं, यासाठी करतात. ऑपरेशनशिवाय पडून ठेवलं की न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी आणि माकडहाडावर जखम हे ओळीने येतात. त्यामुळे अशक्त माणसातही ऑपरेशनकडेच कल असतो आणि शक्यतो ४८ तासांच्या आत. 'आधी जरा ताकद येऊ दे' म्हणून आठवडा घालवला तर ताकद येत नाही, उरलेली जाते.

खरं तेही सांगायला हवं. उत्तम उपचार मिळूनही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाच जणांत एक जण वर्षभरात दगावतो आणि बरेच जण पूर्वीसारखे चालत नाहीत. ते बहुतेक ऑपरेशनच्या टेबलावर दगावत नाहीत; आधीचा अशक्तपणा आणि नंतरचं पडून राहणं त्यांना नेतं.

अपवाद: जी व्यक्ती आधीच अंथरुणाला खिळलेली आहे आणि शेवटच्या दिवसांत आहे, तिला दुखणं थांबवण्याची औषधं आणि चांगली शुश्रूषा देणं हा योग्य निर्णय ठरू शकतो.

५. गुडघा किंवा हर्नियाचं ऑपरेशन सवडीने करायचंय. आधी तयारी म्हणून काय करावं?

इथे खुब्यापेक्षा उलटं गणित आहे. वेळ हातात आहे, तर चार-सहा आठवडे वापरा. हिमोग्लोबिन तपासून कमी असेल तर कारण शोधा. तंबाखू आणि मिश्री बंद. मिश्री हीही तंबाखूच, हे आज्जीला सांगावं लागतं. प्रथिनं वाढवा (प्रश्न ७), मांड्यांचे व्यायाम सुरू करा (प्रश्न ८), दीर्घ श्वासाचा सराव करा. कवळी, चष्मा, कानाचं मशीन दवाखान्यात सोबत न्यायचं हेही आधीच ठरवा. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

६. सर्जनला नेमकं काय विचारायचं? ते म्हणतात, 'ऑपरेशन यशस्वी होईल.'

यश कशाला म्हणायचं ते तुम्ही विचारा. "तीन महिन्यांनी आई स्वतः संडासला जाईल का?" हा प्रश्न 'रिस्क किती टक्के' यापेक्षा कितीतरी कामाचा आहे. त्याला जोडून विचारा: काहीच केलं नाही तर काय होईल, आणि यापेक्षा लहान उपचार आहे का?

उपचाराने आकडे सुधारतात आणि माणूस मात्र सुधारत नाही, असं घडतं. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या (तिथे याचा अर्थ कायम शुश्रूषा लागणाऱ्यांचं निवासस्थान) ३७०२ वृद्धांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात ५८ टक्के दगावले आणि आधीइतकं स्वतःचं स्वतः करणारे फक्त १३ टक्के उरले. हे तिथले फार अशक्त रुग्ण होते. घरात हिंडत्या-फिरत्या माणसाला हा आकडा लावू नका, पण प्रश्न जरूर विचारा.

उलट बाजूही आहे. सत्तरीपुढच्या कर्करुग्णांची ताकद, औषधं, आहार, स्मृती हे सगळं आधी तपासून तो अहवाल कॅन्सरच्या डॉक्टरांच्या हातात दिला, तेव्हा केमोचे गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले आणि जगण्याच्या प्रमाणात घट झाली नाही. हा अभ्यास २०२१ चा. तेव्हा अशक्त माणसाला 'केमो नाहीच' किंवा 'पूर्ण डोस' एवढेच दोन पर्याय नसतात.

७. आबा रोज पांढरा रस्सा पितात, तरी अंगाला लागत नाही. खायला काय द्यावं?

रस्सा चवीला देखणा, पण ताकद फोडीत आहे. आपल्याकडे दात नसलेल्या आबांच्या ताटात वाटीभर रस्सा आणि भात येतो, फोडी पोरांच्या ताटात जातात. आबांना खिमा द्या, नाहीतर मटण मऊ शिजवून बारीक करून द्या.

साठीपुढच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारपणात १.५ पर्यंत. म्हणजे ५० किलोच्या आज्जीला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर म्हशीच्या दुधात ७-८, मूठभर शेंगदाण्यात ७ च्या आसपास. दूधभातावर दिवस काढणाऱ्या आज्जीचा हिशेब निम्म्यावरही जात नाही. शाकाहारी घरात घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट प्रत्येक जेवणात हवं. दात नसतील तर कूट सोपं पडतं. सगळं रात्रीच्या एका जेवणात कोंबू नका, तीन वेळांत वाटा.

अपवाद: किडनीचा आजार पुढे गेलेला पण डायलिसिस सुरू नसलेला माणूस. त्याची प्रथिनं किती, हे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. प्रोटीन पावडरही त्यांना विचारूनच. डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलट वाढते, आणि बरीच घरं जुनंच पथ्य पुढे चालू ठेवतात.

८. रंकाळ्यावर रोज फिरतात. तेवढं पुरे ना?

फिरणं चांगलंच, पण पुरे नाही. चालण्याने दम टिकतो, स्नायू त्याने फारसे भरत नाहीत. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, पडता पडता सावरणं ही ताकदीची कामं आहेत. ज्या गावात गल्लोगल्ली तालमी आहेत तिथे हे सांगायची वेळ यावी, याची गंमत वाटते.

१९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २०१४ मध्ये ७० ते ८९ वर्षांच्या १६३५ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात चालणं, ताकद आणि तोल असा एकत्र व्यायाम करणाऱ्यांची चालण्याची क्षमता जास्त टिकली. तेव्हा 'आता या वयात काय' हे खरं नाही.

घरी करायचं ते एवढंच: खुर्चीतून उठबस, कट्टा धरून टाचा उचलणं, बसून पाय सरळ करून धरणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, शेवटच्या दोन वेळा जड जातील इतकं. छातीत दुखणं, अलीकडचा हार्ट ॲटॅक किंवा चक्कर असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

९. शुगर आणि बीपी अगदी नॉर्मलवर आणायचं ना?

खणखणीत माणसात जवळपास हो. अशक्त माणसात शुगर फार खाली ओढणं धोक्याचं आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार निरोगी वृद्धांत शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७ ते ७.५ च्या खाली चालते, अनेक आजार असलेल्यांत ८ च्या खाली पुरते. त्याहून अशक्त माणसात आकड्याचा नाद सोडून शुगर खूप खाली जाणार नाही आणि खूप वर चढणार नाही एवढंच बघायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे आणि आज्जीने रात्री जेवण टाकलं, तर पहाटे ती गोंधळलेली किंवा घामाघूम सापडू शकते.

बीपी बसून मोजतात आणि चक्कर उभं राहिल्यावर येते. म्हणून उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा.

इथे एक गुंता आहे. २०१५ च्या 'स्प्रिंट' अभ्यासात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवण्याचा फायदा ७५ पुढच्यांना, त्यातल्या अशक्तांनाही दिसला. पण त्यात मधुमेही नव्हते, नर्सिंग होममधले नव्हते आणि उभं राहिल्यावर बीपी ११० च्या खाली जाणारेही नव्हते. म्हणजे तुमचे वडील मधुमेही असून उठताना झोकांड्या खात असतील, तर तो अभ्यास त्यांच्याबद्दल काही सांगत नाही.

१०. रोज तेरा-चौदा गोळ्या आहेत. काही बंद करता येतील का?

बहुधा येतील, पण तुम्ही नाही, डॉक्टरांनी. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या: आयुर्वेदिक, डोळ्यांचे थेंब, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली पेनकिलर, सांधेदुखीची बिननावाची पुडी, सगळी. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणं आहेत. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि रोजची पेनकिलर ही तीन नावं आधी तपासा; पडणं, गोंधळणं आणि किडनी बिघडणं यांत त्यांचा हात बऱ्याचदा असतो.

एकदम बंद करू नयेत अशा: स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी, मेटोप्रोलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या, स्टेरॉइड, फिटची औषधं आणि वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळीसुद्धा.

११. दोन सलाइन लावल्या की तरतरी येते. महिन्याला लावत राहावं का?

नाही. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरेक कॅलरी. एका केळ्याचं काम. मिठाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, आणि हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर त्यानेच दम लागतो. जुलाब-उलट्यांत तोंडाने काही राहत नसेल तर सलाइन हवीच. 'ताकदीच्या इंजेक्शना'लाही एक खरा अपवाद आहे: बी-१२ ची कमतरता. शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती बरीच आढळते. पण आधी तपासणी, मग इंजेक्शन.

१२. ऑपरेशन चांगलं झालं आणि रात्री आई एकदम भलतंच बोलायला लागली. डोक्यावर परिणाम झाला का?

याला डेलिरियम म्हणतात. वेड नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. अशक्त वृद्धांत ऑपरेशननंतर हे फार वेळा होतं, दिवसभरात कमी-जास्त होत राहतं आणि बहुतेकांत उतरतं, काहींना आठवडे लागतात. कारण शोधायला लावा: लघवी अडलीय का, शौच झालीय का, ऑक्सिजन, सोडियम, जंतुबाधा, दुखणं, नवी गोळी.

तुमच्या हातात बरंच आहे. चष्मा आणि कानाचं मशीन लावा. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. घरचं माणूस शेजारी बसू दे आणि 'हे हॉस्पिटल आहे, आज गुरुवार आहे' असं सांगत राहू दे. हात बांधायला शक्यतो नकार द्या. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची रांग थांबवा.

फसवा प्रकार म्हणजे गप्प पडून राहणारा डेलिरियम. 'आज आई शांत आहे' म्हणून घरचे खूश असतात आणि तिने दिवसभर पाणीही घेतलेलं नसतं. अशी झापड नर्सला लगेच दाखवा.

१३. डिस्चार्जनंतर किती दिवस पूर्ण विश्रांती द्यावी?

डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर एकही दिवस नाही. धडधाकट वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ किलोभर मांस झिजलं. हा अभ्यास २००७ चा. जेवण खुर्चीत, संडास संडासात, पलंगापासून दारापर्यंत दिवसातून चार-पाच फेऱ्या. सून पाण्याचा तांब्या हातात देते ते मायेपोटी, पण आज्जी उठली असती ती उठत नाही. फ्रॅक्चरवर वजन टाकायचं का, हे मात्र सर्जनलाच विचारा.

१४. आई चांगली जाडजूड आहे. तिला अशक्तपणा कसा असेल?

असतो. चरबी वाढते आणि आत स्नायू झिजतात, म्हणून वजन तेवढंच दिसतं. प्रश्न २ मधली खुर्चीची परीक्षा घ्या. अशा व्यक्तीला उपास करून वजन उतरवायला लावू नका, स्नायू आधी जातात.

१५. खर्चाचं काय? ७० वर्षांवरच्या कार्डाचा उपयोग होतो का?

होतो. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. ७० पूर्ण झालेल्या कुणालाही उत्पन्नाची अट नाही, संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंत. घरात पती-पत्नी दोघंही सत्तरीपुढे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. वय आधारवरचं धरतात. आपल्याकडे निम्म्या आज्ज्यांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा असतो, तेव्हा आधार आधीच तपासून ठेवा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर ती योजना आणि हे कार्ड यांतलं एकच निवडावं लागतं. कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. दाखल होण्यापूर्वी ते रुग्णालय आणि तो उपचार योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. सरकारी रुग्णालय हवं असेल तर कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आहेच. वृद्धांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

१६. वडील म्हणतात, 'मला मशीनवर ठेवू नका.' मुलं पुण्यात, भाऊ गावात, प्रत्येकाचं मत वेगळं. ठरवणार कोण?

वडील शुद्धीत आणि समजून बोलत असतील तर फक्त वडील. मुलांचं बहुमत इथे चालत नाही. पुढे बोलता येणार नाही अशी वेळ आली तर काय करावं, हे लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव. जो मुलगा सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचं नाव घालायलाच हवं असं नाही.

मशीन नको म्हणजे उपचार नको, असा अर्थ मात्र काढू नका. दुखणं, दम, बद्धकोष्ठता, तोंडाची निगा, जखमा यांवर शेवटपर्यंत उपचार असतात आणि ते मागून घ्यावे लागतात. कागदाची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या, एक पुण्याच्या मुलाला आत्ताच पाठवा. ऐनवेळी आयसीयूच्या दारात तो पहिल्यांदा वाचायला मिळाला तर भांडण ठरलेलं.